नऊ एकर माळ मोकळा करण्याबाबत

मी, वसुधा विद्याधर निमकर, वय ७३, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार मुलुंड पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. कोणाचाही दबाव नाही. उलट सगळ्यांचा विरोध आहे, तरी लिहिते आहे. माझं २०१९चं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिताना मी फार पुण्यवान बाई आहे असा माझा समज होता.

१. मुलुंडचं घर, ठेवी आणि दागिने माझा एकुलता एक मुलगा देवव्रत (राहणार बोरिवली) याला मिळावेत. माझे भूगोलाचे नकाशे मात्र शाळेला देऊ नयेत. त्यांवर बोट ठेवून मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना माळरान म्हणजे ‘पडीक जमीन’ असं शिकवलं. ते रद्दीत घालावेत.

२. करमाळा तालुक्यातली नऊ एकर माळजमीन माझा नवरा विद्याधर याच्या पश्चात, देवव्रतने हक्क सोडल्यामुळे, माझ्या एकटीच्या नावावर आहे. तीही देवव्रतलाच देते, पण पुढे लिहिलेल्या कामासकट.

आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो, झाडांनी गच्च भरलेला. जमीन असावी तर अशी, हे आम्हा मुलुंडकरांच्या डोक्यात पक्कं. सासऱ्यांचा तो उघडाबोडका माळ पाहून मला कीव आली. १९९४ साली सोसायटीत प्रथा पाडली : घरात वाढदिवस असला की माळावर एक झाड. गिरिपुष्प लावलं, कारण ते लवकर वाढतं आणि त्याला गुरं तोंड लावत नाहीत. प्रत्येक झाडाला नावाची पत्र्याची पाटी. भोवती काटेरी तारेचं कुंपण विद्याधरने उभं राहून घालून घेतलं.

शेजारच्या वस्तीवरची शकु, मेंढरं राखणारी, तेव्हाच म्हणाली होती, “बाई, हितं झाडं कशाला? हरणाला लांबचं दिसाया पायजे.” मी हसले. अडाणी आहे बिचारी, असं विद्याधरला म्हणाले. हे वाक्य मी इथे लिहून ठेवते, म्हणजे ते कायम माझ्या नावावर राहील.

३. विद्याधर २०१६ साली गेला. त्याची थोडी राख एका गिरिपुष्पाखाली पुरली. दर एप्रिलला मी त्या झाडाला पाणी घालायला जायची. गेल्या एप्रिलला गेले, तर तारेत एक हरणी मेलेली. पुढचे पाय आत, बाकी बाहेर. पाडस जवळच उभं होतं, मला बघूनही हललं नाही.

शकु म्हणाली, “तीन दिस कळप तारंच्या कडंकडंनं फिरत हुता. पलीकडं वळीव झाला न्हवं का, गवत उगावलं. वास येत आसंल त्यास्नी.”

आता पाऊस असाच पडतो. एका शिवारात धो धो, शेजारी धूळ. हरणं ओल्या गवताच्या मागे चालत जातात, म्हणून जगतात. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला सोलर प्रकल्पाचं कुंपण; उरलेली एकच वाट आमच्या नऊ एकरांतून होती. ती आम्ही केक कापून कापून बंद केली.

मी हादरले. घरी येऊन विद्याधरची माळाच्या नोंदींची वही काढली, आणि त्याहून जास्त हादरले. डावीकडे जगलेली झाडं, उजवीकडे दिसलेली हरणं. १९९५ : झाडं १८, हरणं ४१. २००३ : झाडं १२०, हरणं १६. २०१२ : झाडं २३०, हरणं ३. त्यापुढे त्याच्या सुंदर अक्षरात : ‘हरणं लाजाळू झाली असावीत.’ दरवर्षी आम्ही दोघांनी ती वही वाचली, चहा प्यायलो आणि झाडं वाढली म्हणून खूश झालो.

४. कुंपण मी मे महिन्यातच काढून टाकलं. दिवाळीनंतर जाऊन पाहिलं. खुरांचे ठसे झाडांच्या कडेपर्यंत येतात आणि मागे वळतात. बिया पडून मधे रान माजलं आहे, आणि दाट झाडीत हरणं शिरत नाहीत. म्हणून लागेल ती परवानगी काढून सगळी गिरिपुष्पं मुळासकट काढावीत. पाट्या ज्याच्या त्याला परत द्याव्यात. लोक तोंडाला येईल ते बोलतील, ऐकून घ्यावं. माळ नांगरू नये, विकू नये, तिथे काहीही लावू नये. शकुच्या मेंढरांना मज्जाव नसावा.

देवव्रत म्हणाला, “आई, सगळी काढू या, पण बाबांचं झाड तरी राहू दे ना गं.”

देवव्रत, मलाही तेच वाटतं. चार रात्री रडले आहे. पण ते राहिलं, तर प्रत्येक जण आपल्या पाटीचं झाड मागेल, आणि कोणत्या तोंडाने नाही म्हणशील? म्हणून बाबांचं झाड तू पहिलं काढ, स्वतःच्या हाताने. माझी राखही तिथेच उघड्यावर टाक. वर काही लावू नकोस.

५. विद्याधरची वही देवव्रतला. अर्धी कोरी आहे. दर एप्रिलला जाऊन डावीकडे किती झाडं निघाली ते लिहावं, उजवीकडे किती हरणं दिसली ते. कदाचित बरीच वर्षं एकही दिसणार नाही. तेव्हा शून्य लिही. लाजाळू झाली, असं लिहू नकोस.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांच्याही घरची झाडं माळावर आहेत.

सही : वसुधा विद्याधर निमकर
साक्षीदार : १. जयवंत केळुसकर (पाटी क्र. ४४)
२. वनमाला टिपणीस (पाटी क्र. १०७, नातीच्या नावाची)
ठिकाण : मुलुंड
दिनांक : ११ जानेवारी २०२५