ओल्या डब्यातली काच

प्रिय रुपेश,

चहा-नाश्ता आटोपूनच हे वाच, कारण सगळी घाण लिहिणार आहे.

या रमजानला आमच्या आर्वीच्या मशिदीत दोन डबे ठेवले, ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा. देखरेख माझ्याकडे, आणि कचरा निवडायला तुझी आई. अनुसयाकाकू रोज सकाळी मागच्या अंगणात ताडपत्री अंथरतात. ओलं खताच्या खड्ड्यात, सुकं भंगारात.

अरे, किळस येते रे माणसांची! वजूला हातपाय धुऊन, अत्तर लावून येतात आणि इफ्तार झाल्यावर टरबुजाच्या सालीत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी खुपसून जातात. शरबताचे चिकट ग्लास हिरव्यात, चघळलेल्या खजूरबिया निळ्यात, वरून पिंक. एका महाभागाने बाळाचं भरलेलं डायपर टाकलं. जुम्म्याला मी सफाईवर भाषण झोडलं. लोकांनी माना डोलावल्या आणि जाताना डब्यातच थुंकले. हातमोजे आणून दिले तर काकू म्हणाल्या, ‘मोज्यानं समजत नाई रे पोरा, ओलं काय न सुकं काय ते हातालेच समजते.’

आमच्यात अल्लाहचं नाव लिहिलेला कागद कचऱ्यात जात नाही. त्यासाठी भिंतीवर वेगळी पेटी असते, भरली की कागद स्वच्छ जागी पुरतात. मागच्या आठवड्यात आयतीची जुनी तसबीर पडून फुटली. मी कागद उचलला, डोळ्यांना लावला, पेटीत ठेवला. चौकट निळ्या डब्यात टाकली. तेवढ्यात अजान झाली. घाईत काचा पेपरात गुंडाळल्या आणि जवळच्या हिरव्या डब्यात कोंबल्या. सालींच्या पाण्यात पेपर भिजून फाटला.

काकूंनी तुला फोनवर विळा लागला म्हणून सांगितलं ना? ते खोटं आहे, हात माझ्या त्या काचेने कापला. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर लवकर ऑपरेशन करा म्हणतात, त्या ऐकत नाहीत. काच कोणी टाकली असं मशिदीच्या कमिटीने विचारलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. काकूंना मात्र कळलं होतं की काच त्या तसबिरीची आणि तसबीर आवरली मीच. रिकामी चौकट त्यांनीच निवडून बाजूला ठेवली होती. नंतर मला एवढंच म्हणाल्या, ‘रुपेशले सांगजो नको, तुमची दोस्ती तुटन.’

म्हणून सांगतोय. तुटली तर तुटू दे, पण तू ये आणि त्यांना ऑपरेशनला तयार कर. कमिटीला मी आज सगळं सांगितलं. ताडपत्रीवर आता मी बसतो. थुंकणाऱ्यांना शिव्या द्यायला तोंड उघडत नाही, कारण कागद डोळ्यांना लावणारा हात माझाच होता आणि काच टाकणाराही.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
मुश्ताक