देवी काढायच्या आहेत

३ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

नर्स म्हणून पहिल्याच शाळेत गेले आणि पार फजिती झाली! बाईंनी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की आज टोचायला येणार. माझी पेटी दारात दिसली मात्र, अर्ध्या वर्गाने खिडकीतून उड्या टाकल्या. सगळ्यांत पुढे चिमणी. एवढीशी पोर, पण वारा प्यालेली! बाबा, तिच्या शेजारच्या घरात देवीचा रोगी निघालाय, भिंतीला भिंत लागून. तिलाच टोचता आलं नाही, तर मी कसली नर्स? सोमवारी पुन्हा जायचंय. काहीतरी सुचवा. आईला मात्र यातलं काही सांगू नका.

लोभ आहेच, पण थोडी अक्कलही धाडा.
तुमची बयो

६ जानेवारी

चि. बयोस अ. आ.

पत्र आईनेच फोडलं, तेव्हा लपवाछपवी संपली. अगं, दोष पोरांचा नाही, शब्दाचा आहे. टोचणार म्हटलं की माझ्याही अंगावर काटा येतो. भाषा शिकवण्यात हयात गेली माझी, ऐक. देवीची लस टोचणं म्हणजेच देवी काढणं, तेव्हा बाईंना म्हणावं, सोमवारी देवी काढायच्या आहेत, एवढंच सांगा. कसा सभ्य शब्द आहे! आई म्हणते, वेळेवर जेवत जा.

माया कमी करू नये, पत्रं तर मुळीच नाही.
तुझे बाबा

११ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

धन्य तुमचा सभ्य शब्द! एकही पोर गैरहजर नाही, आणि सगळी रंगपेट्या घेऊन बसलेली. देवी काढायच्या म्हणजे चित्रच ना! चिमणीने तर मुकुट घालायचा का, असंही विचारलं. मला हसू आवरेना. पण लेकरांना फसवणं जिवावर आलं. सांगून टाकलं की ही देवी दंडावर काढतात, थोडी दुखते, पण मोठ्या आजारातून राखते. मग चिमणी उठली आणि म्हणाली, माझी आधी काढा, पण नंतर कागदावरची मला काढू द्या. डोळे गच्च मिटले होते, रडली मात्र नाही. तिच्यामागे सगळे दंड पुढे आले. आता टोचल्या जागी फोड उठला म्हणजे लागू पडलं. तोवर रोज जाऊन दंड बघणार आहे.

आईला नमस्कार. जेवते आहे म्हणावं.
बयो

४ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. आजार चिमणीच्या घरातही शिरला. तिचे काका अंथरुणाला खिळले होते, आता उतार आहे. चिमणीला काही झालं नाही! तिच्या दंडावर फोड चांगला उठला, खपलीही धरली. टोचलेल्यांपैकी एकालाही आजार शिवला नाही. चिमणी वाचली, बाबा!

बयो

८ फेब्रुवारी

चि. बयोस अ. आ.

पत्र मोठ्याने वाचताना शेवटच्या ओळीला मी कागद आईच्या हाती दिला. ती ओळ तिनेच वाचली, आणि पोरांना फसवायचे असले सल्ले देतात का, म्हणून मला झापलंही. झापू दे. मी जन्मभर पोरांना वाचायला शिकवलं, बयो. वाचवायला तू शिकलीस.

तुझे बाबा