दगडी कोळशावरचं भरीत

मंगळवार, चोपडा

थंडीने आबांचे, माझ्या सासऱ्यांचे, गुडघे धरलेत. म्हणून आज वीटभट्टीवरून दगडी कोळसा आणून ओसरीतल्या शेगडीत पेटवला. आधी नुसता पिवळा धूर, आणि वास थेट जुन्या रेल्वे इंजिनाचा. पण मग निखारा असा फुलला की आबांनी घोंगडी स्वतःच बाजूला केली. एवढा विस्तव वाया कशाला घालवायचा, म्हणून भरताची वांगीही त्यावरच भाजली. अंगणात खास वांगी भाजायला ठेवलेल्या कपाशीच्या काड्यांचा ढीग असताना! काय सुचलं मला? भरताला तोच इंजिनाचा वास. मला तर घास गिळवेना. आबांनी मात्र तीनदा वाढून घेतलं.

"इंजिनवर फायरमन व्हतू तवय मना जेवनना डबा असाच लागे," म्हणाले.

काड्या राहू देत अंगणातच.