अठ्ठ्याहत्तर किलो

अहो,

उठल्या उठल्या चहाचा डबा शोधू नका, तो मी पिशवीत घालून घेऊन चाललेय. डॉक्टरांना तुमचं रक्त उपाशीपोटी घ्यायचंय. मी नंबर लावायला पुढे जातेय. साडेआठला दवाखान्यात या.

आफ्रिकेतल्या त्या छोट्या विमानात माणशी पंधराच किलो सामान चालतं, म्हणून काल संध्याकाळी तुम्ही भरलेली बॅग खांद्याला अडकवून वजनकाट्यावर उभे राहिलात. काटा अठ्ठ्याहत्तरवर थांबला. जानेवारीत बुकिंगच्या फॉर्मवर मी नुसतं तुमचं वजन लिहिलं होतं, तेही अठ्ठ्याहत्तरच. म्हणजे अख्ख्या बॅगेएवढे तुम्ही कमी झालात.

"काटा बिघडलाय," म्हणालात. नाही बिघडलेला. आज सकाळी मी पाच किलो तांदळाची न फोडलेली पिशवी ठेवून पाहिली. पाच म्हणजे पाच. दहा वेळा ठेवली, दर वेळी पाचच.

पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकंही पाहिलीत मी. तीन आहेत. वर मलाच सांगत होतात, "सिंह मागे लागला तर पळता यायला हवं, म्हणून बारीक होतोय." आणि मी मूर्खासारखी हसले.

भांडायचं असेल तर तिथे येऊन भांडा, पण या. हात जोडते.

विमानवाल्यांनी सगळ्यांची वजनं पुन्हा मागवलीत. तुमचं मी अठ्ठ्याहत्तरच कळवलंय. मला खोटं पाडू नका.

— मी