कमलमावशीची ओवी दुसऱ्या दारात

१२ एप्रिल, चिखली
प्रबंधाचा विषय: ओवी कुठून कुठे जाते. घरचीच गाणारी म्हणून आज कमलमावशीला गाठलं. जातं कधीच गेलं, मांडीवर हात घासत म्हणाली:

भर उन्हाच्या पारी, पाणी मागते पाखरू
सुनिता माय माही, कोन्या दारी हाक मारू

सुनिता तिची लेक. साखरखेर्ड्याला दिलेली, सासरच्या विहिरीत सापडली. मातीच्या दिवशी सासरच्याच अंगणात मावशीला ही सुचली. "आता माह्याजवळ हेच उरलं," म्हणाली. रडत होती. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

१९ एप्रिल
हिवरा आश्रम गावात एका म्हातारीकडे पहिली ओळ जशीच्या तशी! चाल पाळण्याची, नाव नातवाचं. लगेच मावशीला फोन: ओवी तुझी नाही, जुनीच आहे, तुझं फक्त त्यातलं नाव. "असंन बाई," म्हणाली नि ठेवला. एवढं काय लागायचं? ओवीत नावाची जागा मोकळीच असते. जी गाईल तिने आपलं माणूस बसवावं.

३ मे, साखरखेर्डा
सुनिताच्या नवऱ्याचं दुसरं लग्न. आमंत्रण नव्हतंच, गाणी लिहून घेणारी बाई म्हणून खपून गेले. नवी नवरी दारात. सासूने भाकरतुकडा ओवाळला आणि टाळ्यांवर, नाचाच्या ठेक्यात सुरू केली तीच ओवी. "नेहा सून माही, कोन्या दारी हाक मारू!" बाया खिदळल्या. नवरी लाजली. सासूला विचारलं, ही कुठली? "आमच्या घरचीच हाय."
अंगावर काटा आला. आनंदही झाला, असा नमुना कुणाकडे नसेल. आनंद जास्त, खोटं कशाला लिहू.

४ मे
मावशीला कालचं रेकॉर्डिंग ऐकवलं. दोन्ही चाली ताडून बघायच्या, हे निमित्त. तिचं तोंड बघायचं होतं.
दोनदा ऐकलं. रडली नाही.
"चाल बरी बसवली तिनं. पोरगी केवढी हाय?"
"वीसेक वर्षांची."
"तिले सांगतलं का तू, आधी कोनाचं नाव होतं यात?"
मी म्हटलं, माझं काम गोळा करायचं.
"मंग मीच जातो."
थांबवायला हवं होतं. चहा प्यायले नि निघाले.

५ मे
मावशीच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणते, सकाळच्या एस्टीने गेली, एकटीच.
दिवसभर टिपणं नीट केली. दुपारी साखरखेर्ड्याहून फोन. मग पुन्हा. मग पुन्हा. नंबर नवरीच्या सासूचा, मीच सेव्ह केलेला.
उचलला नाही.