ईशानीला कुठेतरी मोजावे, ही विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष,
सह्यमैत्री मराठी मंडळ, मिल्टन कीन्स, इंग्लंड

विषय : कु. ईशानी हिला अपस्माराच्या पाहणीत मोजणे अथवा लेझीम पथकात परत घेणे, दोहोंपैकी निदान एक करणेबाबत.

संदर्भ : दिवाळीच्या कार्यक्रमात वाचलेला आरोग्य अहवाल.

महोदय,

१. अर्जदार मंडळाचा जुना सभासद आणि पंधरा वर्षांच्या ईशानीचा बाप आहे. कोणत्या समाजात अपस्मार किती, याची पाहणी इथल्या विद्यापीठाने हाती घेतली आणि मराठी घरांची माहिती जमवण्याचे काम विश्वासाने मंडळाकडे दिले. आरोग्य सचिव श्री. सतीश यांनी ते गणपतीत उरकले. सणासुदीला फिटचे नाव कशाला काढायचे, म्हणून त्यांनी फोनवर "काय, घरी सगळं ओके ना?" एवढेच विचारले. मराठी माणूस यावर दुसरे काय सांगणार? सगळ्यांचे ओके होते. अहवाल आला : मराठी समाजात अपस्मार शून्य. टाळ्या पडल्या, पेढेही वाटले गेले.

२. जुलैत लेझीमच्या तालमीत ईशानीला फिट आली, तेव्हा हेच सतीशराव तिच्या नाकाशी स्वतःची चप्पल धरून बसले होते. आपणही तेथेच होता. दुसऱ्या दिवशी "तिला तब्येतीला जपू दे" असा आपला मेसेज आला आणि पथकातून तिचे नाव गेले. म्हणजे लेझीम खेळायला ती आजारी आणि मोजायला ठणठणीत. हे निदान कोणत्या डॉक्टरांचे, ते कळवावे.

३. त्यानंतर तीन घरांतून अर्जदाराला गुपचूप फोन आले. "तुमचे न्यूरॉलॉजिस्ट कोण हो? आमच्याकडेही आहे, पण प्लीज, मंडळात बोलू नका, मुलीचं लग्न व्हायचंय." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे अर्जदारालाही ठाऊक आहे. पण त्या मुठीत अर्जदाराची पोर घुसमटते आहे आणि त्याला याचा संताप येतो. अहवाल ऐकून परतताना ईशानीने गाडीत विचारले, "बाबा, मग माझी फिट खोटी होती का?" अर्जदार राउंडअबाउटवर एक्झिट चुकला.

४. सबब, विद्यापीठाला खरे कळवावे, किंवा तिला पथकात घ्यावे. दोन्ही केले तर उपकार होतील. यातले काहीच जमणार नसेल, तर सभासदांच्या यादीत आमच्या कुटुंबात चारऐवजी तीन माणसे लिहावीत. मात्र ते मंडळाने घरी येऊन ईशानीला सांगावे. अर्जदाराला ते जमणार नाही.

आपला, अजून तरी नम्र,
रघुवीर टिपणीस
३ नोव्हेंबर २०२५

सोबत : न्यूरॉलॉजिस्टच्या पत्राची प्रत