अहवालात माझी ओळख

पुणे, मंगळवार

तीर्थरूप अण्णा,
तुम्हाला आणि आईला जय भीम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? बोअरला पाणी टिकलंय का?

आमच्या संशोधन संस्थेचा दुष्काळावरचा अहवाल सोमवारी बीडला प्रसिद्ध होईल. आपल्या दूध संघाला शेतकऱ्यांत वाटायला आलेला चारा आधी संचालकांच्या गोठ्यात उतरतो, हे त्यात आहे. शेवटी आम्हा सगळ्यांची आधीची कामं छापलीत. सोनवणे सर बँकेत होते, ललिताताई नर्स. माझ्यापुढे लिहिलंय, याच संघात दुधाची फॅट तपासायची.

सर म्हणाले, "भीती वाटत असेल तर ओळ काढू."

मी नको म्हटलं. चाऱ्याचं पारूमावशीनं सांगितलं आणि ती अजून तिथंच कामाला आहे. "विमल, माझं नाव कुटं येऊ देऊ नको, घर त्याच्यावरच हाय," म्हणाली होती. ओळ राहिली तर संशय माझ्यावर येईल, तिच्यावर नाही.

तुम्हाला न विचारता ठरवलं. रागावू नका.

सोमवारी संघानं आपलं दूध घेतलं का, लगेच कळवा. परत पाठवलं तर आईला दही लावू द्या. फक्त नेहमीची वाटी पारूमावशीकडे देऊ नका. थोडे दिवस ती आपल्या ओळखीची नाही.

तुमची काळजी करणारी,
विमल